एका जुवाखाली दोन गोळ्या

दादा, आज मायला घेऊन हिंगोलीला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले होते, आणि तिथंही तुम्ही आलातच. खुर्च्या दोनच होत्या, एकीवर माय आणि एकीवर मी. तरी तुम्ही आलात आणि नेहमीसारखं सगळ्यांच्या मधे बसलात. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, भिंतीवरचा तुमचा फोटो उन्हानं पिवळा पडला, पण मायच्या तोंडून तुमचं वाक्य आलं, तुमच्याच दमात, ‘काहून’वर तुमच्यासारखाच जोर देऊन. डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही. मी रोज डायरी लिहिते हे तुम्हाला माहीत आहे. ‘कुणाच्या तक्रारी लिहून राहिली?’ असं तुम्ही विचारायचात. आजचं मात्र डायरीत लिहिता येईना. डायरीत मी स्वतःला तपासते. आज मला तुम्हाला तपासायचं आहे, आणि तुम्ही मधे बोलू शकत नाही एवढी एकच सोय तुमच्या मरणानं मला करून दिली आहे. असं लिहिणं क्रूर आहे का, हे मी स्वतःला विचारून बघितलं. आहे. राहू दे.

तुमच्यावर अन्याय नको म्हणून आधी तुमचं जे मोठेपण होतं ते लिहिते. पुसेगावच्या आसपास कुणाचा कोवळा गोऱ्हा पहिल्यांदा औताला धरायचा असला की लोक तुमच्याकडे यायचे. कळमनुरीच्या बाजारातून नवं जनावर घेतलेले लोक घरी जायच्या आधी आपल्या दारात थांबायचे. तुम्ही बाजेवरून उठायचात, गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवायचात, त्याचे कान बघायचात आणि एक शब्द न बोलता सांगायचात की हा चालेल की नाही. तुमची रीत सगळ्या शिवाराला माहीत होती. नव्याला नव्यासोबत जुंपायचं नाही. जुवाच्या एका बाजूला जुना, मुरलेला बैल आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्हा. जुना चालला की नव्याला चालावं लागतं, जुना वळला की नवा ओढला जातो. पंधरवड्यात नव्याच्या अंगात वाट उतरते, मग जुना सोडायचा. यावर तुमची दोन वाक्यं होती आणि ती तुम्ही पारावर, लग्नात, मयतीतसुद्धा म्हणायचात: चालती जोडी मोडू नये. आणि मोडायचीच पाळी आली, तर नव्याच्या भरवशावर जुन्याला सोडू नये. लोक माना डोलवायचे. बैलांच्या बाबतीत तुम्ही खरंच थोर होता. तुमची अडचण अशी की तुम्हाला सगळं जगच दावणीला बांधलेलं दिसायचं.

ते दुसरं वाक्य मी कुठं शिकले हे तुम्हाला आठवत नसणार. मी सहावीत असेन. आपल्या ओढ्यापलीकडच्या रानात तुम्ही कुणाचा तरी तांबडा गोऱ्हा शिकवून राहिलात, सोबतीला आपला म्हातारा पांढरा बैल. पांढऱ्याच्या खांद्याला जुवानं जखम झाली आहे, ती ओली आहे, तिच्यावर माशा बसल्या आहेत, आणि तो त्या उडवायला मान हलवतो तेवढ्यानं जू पुन्हा जखमेवर घासतं. तुम्ही आणि दोन गडी पाणी प्यायला बांधावर गेलात. मी पुढं झाले, जुवाची खिळी उपसली, गळ्याचा पट्टा सोडला आणि पांढऱ्याला मोकळं केलं. मला वाटलं, घटकाभर बरं वाटेल त्याला. तांबडा एकट्यानं उधळला. जू लोंबकळत, वखर फरफटत, उभ्या कापसातून पार बांधापर्यंत. तुम्ही त्याला आधी धरलंत, त्याचे पाय तपासलेत, मग माझ्याकडे आलात आणि गड्यांसमोर माझ्या तोंडात मारलीत. ‘नव्याच्या भरवशावर जुन्याला सोडतेत का? हेच शिकवतेत का तुला शाळंत?’ गडी हसले. सोडलं काहून, हे तुम्ही विचारलं नाहीत. जखम तुम्हालाही दिसत होतीच की. मी ती सांगणार होते, पण तुमचं बोलणं झालं होतं, आणि तुमचं बोलणं झालं की आपल्या घरात ऐकणं सुरू व्हायचं.

तुम्ही मला काही दिलं नाहीत असं नाही, हेही लिहायला हवं. हिंगोलीला कॉलेजात नाव घातलं तेव्हा तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलंत. सगळ्या भावकीत चर्चा झाली, पोरीला घड्याळ घेतलं म्हणून. मायनं ते देवापुढं ठेवलं, हळदकुंकू लावलं. तुम्ही ते माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ‘पाचची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवशीपासून कॉलेज बंद.’ दावं मनगटालाही बांधता येतं हे मला त्या दिवशी कळलं. तरी मी शिकले, कळमनुरीला नोकरीला लागले, ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तुम्ही मला ‘मास्तरीण’ म्हणू लागलात. त्यात कौतुक होतं की टोमणा, हे मी पुष्कळ वर्षं ठरवू शकले नाही. आज ठरवलं आहे.

मग तुमचं हृदय बेताल झालं. नांदेडच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की ठोके असे वेडेवाकडे पडतात तेव्हा हृदयात रक्त साचून त्याची गाठ होऊ शकते आणि ती गाठ मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं. म्हणून रक्त पातळ करायची गोळी, रोज संध्याकाळी एक. पण ती गोळी नाजूक. कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे का ते बघायचं. तुम्ही गावाहून हिंगोलीला यायचात, तिथून नांदेडची गाडी धरायचात, आणि मी कळमनुरीच्या स्टँडवर त्याच गाडीत चढायची. शेजारच्या सीटवर टॉवेल टाकून तुम्ही माझी जागा धरलेली असायची आणि आजूबाजूच्या चार सीटांना माझी ओळख करून दिलेली असायची. ‘ही आमची मास्तरीण. बापाचं रगत काढायला घेऊन चालली.’ लोक हसले की तुम्हाला चेव यायचा. ‘गोचीड बी पोट भरल्यावर सुटते. हे डॉक्टर लोक सुटतच न्हाईत.’ मीही हसायची. खरं सांगायचं तर त्या गाडीतले तुम्ही मला आवडायचात, आणि हे लिहिताना मला राग येतो आहे, कारण हे लिहिल्यावर पुढचं लिहायला जड जातं.

पुढचं म्हणजे स्वयंपाकघर. डॉक्टर म्हणाले होते की हिरव्या पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो, म्हणून भाजी खा पण रोज साधारण सारखीच खा, एक दिवस ताटभर आणि चार दिवस काहीच नाही असं करू नका. हे मी मायला चुलीपाशी बसून सांगितलं, तिला ते कळलं. तुम्ही मात्र एवढंच ऐकलंत की भाजी वाईट. एका दुपारी मायनं अंबाडीची भाजी केली होती, लसणाची फोडणी घातलेली, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, तुम्हाला आवडायची तशी. वाढली अगदी वाटीभर. तुम्ही ताट सरकवलंत. ते उंबऱ्यापर्यंत गेलं. ‘जीव घेती का माझा?’  मायनं ताट उचललं, सांडलेलं पुसलं आणि तुमच्यासाठी पिठलं टाकलं. मी तिथं होते. मला वाटलं, विसरेल ती. आपल्या घरातल्या बायका असलं किती विसरतात. ती विसरली नव्हती, हे मला आज कळलं.

नवी गोळी तुम्हाला बाजारात कळली. सोयऱ्यांपैकी कुणीतरी सांगितलं, की आता अशी गोळी निघाली आहे की रक्त तपासायचं काम नाही, भाजीचं पथ्य नाही. पुढच्या खेपेला तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत, मला ती द्या. डॉक्टर तयार नव्हते. तुमचं वय झालं आहे, किडनी मंद आहे, जुनी गोळी तुम्हाला चांगली बसली आहे, आकडे नीट आहेत, असं ते मला आणि तुम्हाला दोघांना म्हणाले. तुम्ही ऐकलं नाहीत. ‘मी न्हाई येणार मग उद्यापासून,’ म्हणालात. जुनी गोळीही सोडून द्याल या भीतीनं त्यांनी नवी लिहून दिली. आणि मग ते खुर्ची पुढं ओढून जे बोलले ते मला पाठ आहे, कारण त्यांनी ते माझ्याकडून म्हणवून घेतलं. जुनी आजपासून बंद. ती रक्तातून हळूहळू जाते, तिला काही दिवस लागतात. तेवढे दिवस काहीच घ्यायचं नाही. मग हिंगोलीत रक्त तपासायचं, आकडा खाली आला की नवी सुरू करायची. नवी काही तासांत काम करते, तिला सोबत लागत नाही. दोन्ही एका वेळी कधीच नाही, चुकूनसुद्धा नाही. त्या संध्याकाळी मी तुमच्यासोबत गावी आले, माय भाकरी थापत होती, आणि मी हे सगळं तुम्हा दोघांना पुन्हा सांगितलं. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी कळमनुरीला गेले. चार दिवसांनी फोन केला तर म्हणालात, तपासून आलो, बराबर आलं, नवी सुरू केली. तुम्ही हिंगोलीला गेलाच नव्हता. हे खोटं मला तुम्ही गेल्यावर समजलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावी आले. संध्याकाळी खांदेमळणी. माय वाटीत हळद आणि तूप कालवून उभी आहे आणि तुम्ही बैलांचे खांदे चोळून राहिलात, वर्षभर जिथं जू बसतं ती जागा. बाह्या वर सरकल्या तेव्हा मला तुमचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत निळेकाळे डाग, जांभूळ चिरडल्यासारखे. मी विचारलं, हे काय. ‘शिंग लागलं.’ दोन्ही हातांना? ‘बैलाला दोन शिंगं असतेत, मास्तरीण.’ अंगणात भावकीतली माणसं होती, हसली. सकाळी तुम्ही चूळ भरलीत तेव्हा पाणी गुलाबी होतं. मी बाजूला घेऊन विचारलं, गोळी नीट घेता ना. तुम्ही बाजूला आलाच नाहीत, तिथूनच मोठ्यानं म्हणालात, ‘बराबर घेऊन राहिलो. तुह्या डॉक्टरपेक्षा बराबर.’ पुन्हा सगळे हसले. माय जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, चारचौघांत लेकीचा अपमान झाला म्हणून बघते. मी चिडून दुपारच्याच गाडीनं निघाले.

पोळ्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही हौदापाशी पाय घसरून पडलात. डोकं गव्हाणीच्या खांबाला लागलं, फार नाही. उठलात, हौदाला शिवी दिलीत, चहा प्यालात. संध्याकाळी उलटी झाली आणि जीभ जड झाली. हिंगोलीहून नांदेडला पाठवलं. ॲम्ब्युलन्स कळमनुरीच्या त्याच स्टँडसमोर थांबली आणि मी चढले. या वेळी माझी जागा कुणी धरून ठेवली नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि तो थांबत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, दोन्ही गोळ्या चालू होत्या का? मी ‘नाही’ म्हणाले, आणि माझ्या मागून माय म्हणाली, ‘व्हय.’ एवढंच. त्यापुढं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी तुम्ही गेलात.

इतकी वर्षं मी तुम्हाला एक सूट देऊन ठेवली होती, दादा. मला वाटायचं तुमचा घोटाळा झाला. वय झालेलं माणूस, दोन्ही गोळ्या सारख्याच दिसणाऱ्या, सवयीनं जुनी तोंडात गेली असेल आणि सांगितल्याप्रमाणे नवीही. विसराळू माणसावर किती दिवस चिडणार? मी हळूहळू चिडायची थांबले होते. वर्गात पोरांना सांगताना कधीकधी तुमचं उदाहरणही देते, नाव न घेता, की औषध बदलताना जुनं अंगातून जायला वेळ लागतो, म्हणून नवं घाईनं घालू नये. आज दुपारी ती सूट मी परत घेतली.

माय आता माझ्याकडे असते. तिचंही हृदय तुमच्यासारखंच बेताल आहे आणि तीही तीच जुनी गोळी घेते. तिचा आकडा कधी बिघडत नाही. रोज मूठभर भाजी, ना कमी ना जास्त, मोजमापाचं भांडं असावं तसा तिचा हात आहे. पण तिचे हात वाळले आहेत, शीर सापडत नाही, रक्त काढणारा मुलगा दोनदा तीनदा टोचतो आणि ती दुसरीकडे बघत बसते. म्हणून मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, आता हिला नवी द्या, या वेळी सगळं नीट करू, मधले दिवस मी रजा घेऊन तिच्याजवळ बसेन, आकडा रोज तपासू. त्यांनी जुने रिपोर्ट एकेक करून बघितले आणि विचारलं, ‘सगळं इतकं छान चाललंय, तर बदलायचं कशासाठी?’ मी शीर सापडत नाही ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ते खरं आहे, त्यावर काही करता येईल, बोटाच्या टोकातून थेंब घेऊन तपासायचं यंत्र मिळतं. पण या वयात, इतक्या अशक्त माणसात, ज्याची जुनी गोळी वर्षानुवर्षं नीट बसली आहे, त्याची गोळी बदलणं हेच एक जोखमीचं काम असतं. सगळं नियमानं केलं तरी रक्तस्राव वाढू शकतो. नव्या पेशंटला आम्ही नवीच देतो, ती चांगलीच आहे. आणि जुनीचा आकडा सारखा बिघडत असेल तर बदलतोही. पण नवी आली आहे एवढ्यासाठी बदलत नाही. आणि तेव्हाच माय बोलली. ‘तेच म्हणते मी, बाई. चालती जोडी काहून मोडायची?’

डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, अगदी बरोबर, आजी. आणि मी भांडायला लागले. त्यांच्याशी. शिकलेल्या बाईनं असं भांडू नये तशी. मी म्हणाले की आमच्या वडिलांच्या वेळी चूक औषधाची नव्हती, माणसाची होती. नीट केलं तर काही होत नाही. मी ते नीट करून दाखवते. ‘दाखवते’ हा शब्द मी वापरला. माझा आवाज वाढला असणार, कारण बाहेर बसलेली माणसं दाराकडे बघायला लागली. मायनं माझ्या दंडावर हात ठेवला. ‘तू कुणासंगं भांडून राहिली?’

 मग माय माझ्याशी नाही, डॉक्टरीणबाईंशी बोलायला लागली, खाली बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. ‘त्या दोन्ही गोळ्या म्याच देत व्हते, बाई. रोज. पोरीनं सांगितलं व्हतं देऊ नको म्हून, म्या ऐकलं व्हतं. पण ते म्हणले, नव्याच्या भरवशावर जुन्याला सोडतेत का? पंधरा दिवस दोन्ही जुंपायच्या, नव्या गोळीला वाट कळली की जुनी सोडायची. पोरीला सांगू नको म्हणले, मास्तरकी करंल.’ बाईंनी विचारलं, मग तुम्ही नको का नाही म्हणालात. त्या चिडून विचारत नव्हत्या.  माय म्हणाली, ‘अंबाडीच्या टायमाला म्हणले व्हते, जीव घेती का माझा. मग गोळी न्हाई दिली अन् काही झालं तर? अन् त्यांनी हात पुढं केला की ठेवायचं, एवढंच ठावं व्हतं.’ आणि मग तिनं विचारलं, ‘त्यानंच गेले का?’

बाई खोटं बोलल्या नाहीत याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, ‘दोन्ही एकत्र नको होत्या, आजी. त्यानं रक्त थांबलं नसणार. पण बरोबर काय ते त्यांना सांगितलेलं होतं आणि ठरवलं त्यांनी. तुम्ही ठरवलं नाही.’ मायनं मान हलवली. तिला पटलं का, मला माहीत नाही. मला पटलं नाही, दादा, कारण ठरवणारे तुम्ही आणि ठेवणारा हात तिचा, आणि तुम्ही गेलात तेव्हा तुमचं ठरवणं तुमच्यासोबत गेलं, तिचा हात मात्र तिच्याजवळच राहिला. तुम्ही घोटाळा केला नव्हता. तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही तत्त्वानं वागलात. सहावीतल्या पोरीच्या तोंडात मारून जे वाक्य म्हणालात तेच वाक्य तुम्ही रक्ताला लावलंत, जसं काही तुमच्या छातीत शिवार आहे आणि त्यात वखर चालू आहे. गोळी म्हणजे गोऱ्हा नव्हे, तिला वाट शिकवावी लागत नाही, हे तुम्हाला एका डॉक्टरनं सांगितलं होतं आणि एका लेकीनं. पण त्यातल्या कुणी कधी गोऱ्हा औताला धरला नव्हता. तुमच्या मोठेपणाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

आणि स्वतःला तपासायची सवय जात नाही, म्हणून हेही. मायची गोळी मला किती तिच्या शिरांसाठी बदलायची होती आणि किती तुमच्यासाठी? तुमच्या समोर, तुमच्या फोटोखाली, तेच काम नियमानं करून दाखवायचं होतं मला. मायला मधे उभं करून. तुम्हीही तिला मधेच उभं केलं होतंत. हे लिहून मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर मायनं पाटावर बसून हातपाय चेपले, भाजी निवडली. तुम्ही गेल्यापासून ती आपली गोळी कुणाला हात लावू देत नाही. पाकीट स्वतःच्या पिशवीत ठेवते, स्वतः काढते, स्वतः पाणी घेते. मी कधी दिली तर परत ठेवून दुसरी काढायची. मला तो म्हातारपणचा हट्ट वाटायचा, एकदोनदा मी त्यावरून तिला बोललेही. आज जेवण झाल्यावर तिनं पिशवी माझ्याकडे सरकवली आणि तळहात पुढं केला.  मी पाकीट उघडलं, एक गोळी काढली, उजेडात धरून बघितली, पुन्हा बघितली. ती म्हणाली, ‘एकच हाय ना?’ मी म्हणाले, एकच. मी ती तिच्या हातावर ठेवली आणि तिनं घेतली.

हे पत्र कुठं पाठवायचं ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं. तुम्ही ते पारावर वाचून दाखवलं असतंत. माझा राग गेलेला नाही, तो जावा असं मला वाटतही नाही. फक्त एक गोष्ट. तुमच्याकडे दोन वाक्यं होती आणि स्वतःच्या वेळेला तुम्ही त्यातलं पहिलं विसरलात, दुसरं धरून बसलात. आज ते पहिलं मायनं धरून ठेवलं आणि मी मोडायला निघाले होते. चालती जोडी मोडू नये, एवढ्यापुरतं तुमचं बरोबर होतं. मायला मी हे बोलून दाखवलं नाही. तुम्ही समोर असता तर तुम्हालाही दाखवलं नसतं.